शांता आपटे : पडद्यावरचा नकार आणि पडद्याबाहेरचा

(वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला विषय विचारला तेव्हा मी ‘शांता आपटे’ असं सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग पलीकडून विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानाचा विषय नाही का घ्यायचा?’ मी म्हटलं, हा तत्त्वज्ञानाचाच विषय आहे. आता ते तासाभरात सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर आली.

समोर बसलेल्यांत निम्म्यांनी तरी हे नाव ऐकलेलं नसेल. त्यात तुमचा दोष नाही. १९३७ साली मात्र हे नाव पुण्यामुंबईपासून लाहोर-कलकत्त्यापर्यंत माहीत होतं. ‘कुंकू’ची नायिका. हिंदीत तोच चित्रपट ‘दुनिया न माने’. मी आज तिचं चरित्र सांगणार आहे, पण एका प्रश्नाच्या कडेकडेनं. प्रश्न साधा आहे : माणूस ‘नाही’ कधी म्हणू शकतो? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात उत्तर सापडतं की इच्छा स्वतंत्र असेल तर कधीही. मी तीसेक वर्षं वर्गात हेच शिकवलं. ते अपुरं आहे, हे मला माझ्या आत्यानं शिकवलं. ती चौथीसुद्धा शिकलेली नव्हती. आत्याकडे शेवटी येतो.

आधी थोडं मागं जाऊ. १८९९ साली देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं. जरठ-बाला विवाह हा विषय. कांचनभट पैशासाठी आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. नाटक इतकं गाजलं की ‘शारदा’ हे नाव एका सामाजिक प्रश्नाचंच नाव झालं. पण मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे, शारदेचं लग्न मोडतं कशामुळं? बहुतेक जण म्हणायचे, कोदंडामुळं. कोदंड धडपडतो हे खरं. पण भर मांडवात लग्न थांबतं ते वधूवर सगोत्र निघतात म्हणून! म्हणजे बघा, मुलगी चौदा-पंधराची, नवरा सत्तरी ओलांडलेला, हे कारण लग्न मोडायला पुरत नाही. मुलगी नको म्हणते, हेही पुरत नाही. गोत्र एक निघालं, हे पुरतं. देवलांनी हे मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं. समाजाला कोणती हरकत ऐकू येते आणि कोणती येत नाही, ते त्यांनी आपल्याला दाखवून ठेवलं.

आणखी एक गोष्ट. शारदेचं दुःख रंगमंचावर गात कोण होतं? पुरुष नट. पुढे बालगंधर्वांची शारदा गाजली. त्यांच्या कलेबद्दल मला अतीव आदर आहे. पण बाईचं गाऱ्हाणंसुद्धा पुरुषाच्या गळ्यातून आल्याशिवाय आपल्या पूर्वजांना ऐकवत नव्हतं, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

त्याच्याही आधी, नाटकात नव्हे, प्रत्यक्ष कोर्टात एका बाईनं नाही म्हटलं होतं. रखमाबाई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालं. ती नांदायला गेली नाही, म्हणून १८८४ साली त्यानं दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईच्या बाजूनं निकाल दिला. अपील झालं, प्रकरण परत फिरलं, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत कित्येक वर्षं त्यांनी दवाखाना सांभाळला. ही कथा आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्यांच्या मागं आईचं घर होतं. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे मुंबईतलं मोठं नाव होतं. वर्तमानपत्रात पत्र लिहिण्याइतकं इंग्रजी हाताशी होतं. हे ध्यानात ठेवा, मला त्याचा पुढे उपयोग करायचा आहे.

आता शांताबाईंकडे येतो. जन्म १९१६, दुधनीचा. दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात, रेल्वेच्या मार्गावरचं गाव. वडील स्टेशनमास्तर. गाण्याची आवड घरातूनच आली, शिक्षण पंढरपूरच्या संगीत विद्यालयात झालं. तो काळ असा की ‘चांगल्या घरची’ मुलगी गायला बसली तरी लोकांच्या भुवया वर जात. सिनेमाचं तर नावच नको. पण १९३२ हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी सिनेमा बोलायला लागला. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे, शिकलेल्या आणि प्रतिष्ठित घरातल्या. त्याच वर्षी भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांता आपटे राधा. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि संगीत होतं केशवराव भोळ्यांचं. दीडदोन वर्षांत हे सगळं घडलं. तोपर्यंत उसन्या गळ्यातून बोलणारी बाई पहिल्यांदा स्वतःच्या गळ्यातून बोलायला लागली.

केशवराव भोळे मग प्रभातमध्ये आले. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तीच जागा. पुण्यातला त्यांचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, भोळ्यांचं संगीत आणि शांता आपटेचं गाणं. या चित्रपटानं तिला नाव दिलं. मग १९३६ ला ‘अमरज्योती’ आला. त्यात दुर्गा खोटे बंडखोर सौदामिनी होत्या आणि शांताबाई नंदिनी. हे सगळं हिंदीत देशभर गेलं.

तिच्या गाण्यात नवं काय होतं? त्या वेळचे गायक नट गाणं आलं की नाटकासारखे स्थिर उभे राहायचे. अभिनय थांबायचा, गाणं सुरू व्हायचं. गाणं संपलं की पुन्हा अभिनय. शांता आपटे गाताना थांबत नाही. हात चालतात, डोळे चालतात, मान वळते, रागही दिसतो आणि थट्टाही. भोळ्यांनी चालीही तशाच दिल्या : तानांची गर्दी कमी, शब्द स्पष्ट. म्हणजे गाणं हे त्या पात्राचं बोलणंच झालं. ‘कुंकू’ तिच्याशिवाय का झाला नसता, ते इथं कळतं.

‘कुंकू’. १९३७. कथा ना. ह. आपटे यांची, त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. नावातच सगळं आलं बघा. नीरा ही अनाथ मुलगी मामाकडे वाढलेली. मामा पैसे घेऊन, फसवून तिचं लग्न लावतो. नवरा म्हणजे काकासाहेब, म्हातारे वकील, आणि ती भूमिका केशवराव दात्यांची. घरात कजाग आत्या आहे. तरुण मुलगा आहे आणि त्याची नजर चांगली नाही. काकासाहेबांची मुलगी सुशीला शिकलेली, समाजकार्य करणारी आणि वयानं नीरेपेक्षा मोठी. म्हणजे बापानं लेकीहून लहान बायको आणली. सुशीलेचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. रँग्लर परांजपे यांच्या त्या कन्या, र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम करणाऱ्या. पडद्यावर सुधारक बाईचं काम करायला प्रत्यक्षातली सुधारक बाई आणली होती!

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. पुन्हा सांगतो, पार्श्वसंगीत अजिबात नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच : घड्याळ, भांडी, पावलं, एखादी तबकडी. आपल्याला कुठं रडायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. त्यामुळं त्या घरातली शांतता अंगावर येते. भिंतीवरचं जुनं घड्याळ आणि म्हातारा नवरा यांची जोडी शांतारामबापूंनी अशी लावलीय की घड्याळ अडलं की आपण काकासाहेबांकडे बघतो. काकासाहेब आरशासमोर मिशांना कलप लावतात तेव्हा हसू येतं, आणि लगेच कसंतरी होतं.

नीरा काय करते? शारदेसारखी ती लग्न मोडू शकत नाही. ते लागून गेलंय. रखमाबाईसारखी ती माहेरी थांबू शकत नाही. तिला माहेर नाही. ज्यानं विकलं तोच मामा. मग ती त्या घरात राहूनच नाही म्हणते. नवऱ्याला नवरा म्हणून मान्य करत नाही, जवळ येऊ देत नाही. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तर त्याला छडीनं फोडून काढते. दुःख वाट्याला आलं तर सोसेन, अन्याय सोसणार नाही, अशी तिची भूमिका. आणि ती गाते. एक गाणं तर चक्क इंग्रजी आहे, लाँगफेलोच्या कवितेचं. १९३७ सालच्या मराठी प्रेक्षकानं नऊवारीतल्या मुलीच्या तोंडून जगाच्या रणांगणावर वीरासारखं लढायला सांगणारी इंग्रजी कविता ऐकली. त्याला किती शब्द कळले असतील कोण जाणे. सूर मात्र कळला असणार.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण लोक म्हणतात की तोपर्यंत कायदा झाला होता ना. झाला होता. शारदा कायदा, १९२९ चा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. हरविलास सारडांच्या नावावरून ‘सारडा’, आपण त्याला ‘शारदा’ करून टाकलं. देवलांची नायिका आणि हा कायदा लोकांच्या तोंडी एक झाले. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. पण नीरेला त्या कायद्याचा उपयोग नाही. ती चौदाच्या पुढची असेल तर लग्न कायदेशीरच. कायदा वय विचारत होता. मुलीला विचारलं का, हे विचारत नव्हता.

आता माझी एक तक्रार, आणि ती या चित्रपटावर प्रेम करून. शेवट कसा होतो? नीरेच्या नकारानं काकासाहेबांना आपला अन्याय दिसतो. दात्यांनी हा बदल इतका खरा केलाय की त्या म्हाताऱ्याची दया येते. ते तिला मुलगी मानतात, तिनं पुन्हा लग्न करावं असं लिहून ठेवतात आणि आयुष्य संपवतात. आता विचार करा. नीरेची सुटका झाली, पण कशी? एका सज्जन झालेल्या पुरुषानं स्वतःला बाजूला केलं म्हणून. तो सज्जन झाला नसता तर? काकासाहेब आणखी पंधरा वर्षं घड्याळाला किल्ली देत बसले असते तर नीरा तिथंच असती. नकार तिचा होता, त्याचं फळ मात्र त्याच्या हातात होतं. हा दिग्दर्शकाचा दोष नाही हो. घटस्फोट हा शब्द देशभरच्या हिंदू कायद्यात यायला अजून अठरा वर्षं होती. नीरेला बाहेर काढायचं तर कथेला दुसरं दार नव्हतं.

इथपर्यंत पडद्यावरचा नकार झाला. आता पडद्याबाहेरचा.

‘कुंकू’नंतर १९३८ ला ‘गोपाळकृष्ण’ आला. शांता आपटे प्रभातची सगळ्यात मोठी नायिका होती. पण लक्षात घ्या, त्या काळचा नट आजच्यासारखा मोकळा नव्हता. स्टुडिओ म्हणजे गिरणीसारखी व्यवस्था : महिन्याचा पगार, कराराची वर्षं, हजेरी. कंपनी सांगेल तो चित्रपट करायचा, आणि काम नसेल तरी दुसरीकडे जायचं नाही. प्रभातला मी कमी लेखत नाही. तिथं जे झालं त्याचं ऋण मराठी माणसावर आहे. पण मालक चांगला असला तरी नोकर नोकरच असतो.

जुलै १९३९ मध्ये शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वाद करार आणि पगाराचा. कल्पना करा, जिची छायाचित्रं पानाच्या दुकानात लागलेली आहेत ती नटी फाटकापाशी अन्न सोडून बसलीय. पुण्यात गर्दी जमली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. तो काळ कसा होता बघा. चारच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, गांधीजींचं राजकोटचं उपोषण झालं होतं. त्याच्या आधी नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी मुंबईत एक दिवसाचा संप केला होता. उपोषण आणि संप हे दोन्ही शब्द हवेत होते. शांताबाईंनी दोन्ही एकत्र केले.

उपोषण फार दिवस चाललं नाही. पण त्यावर लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. प्रसिद्धीसाठी केलं, नाटकी आहे, बायकांनी असं रस्त्यावर बसावं का. पुरुषानं उपोषण केलं की सत्याग्रह, बाईनं केलं की तमाशा! गांधीजींच्या विचारात उपोषणाला अटी आहेत, ते शत्रूविरुद्ध करायचं नसतं, ज्याच्याशी प्रेमाचं नातं आहे त्याच्या विवेकाला हाक मारायची असते. या कसोटीवर शांताबाईंचं उपोषण शुद्ध ठरतं का, यावर मी वर्गात वाद घातलेत. आज मला तो वाद तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की ‘मी कलावंत आहे, म्हणजे मी कामही करते, आणि कामाच्या अटी असतात,’ असं तिचं तिथं बसणं सांगत होतं. काकासाहेबांच्या घरातली नीरा करू शकली नाही ते तिनं केलं. ती फाटकाबाहेर आली. तिनं प्रभात सोडली.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, तिनं एक पुस्तक लिहिलं : ‘जाऊ मी सिनेमांत?’ शीर्षक प्रश्नार्थक. हा प्रश्न तिला किती जणांनी आणि जणींनी विचारला असेल! उत्तर देताना तिनं चमचमत्या गोष्टी सांगितल्या नाहीत. सिनेमा हा धंदा आहे, त्यात नट हा राबणारा माणूस आहे, त्याचं शरीर थकतं, हे तिनं मांडलं. आपल्याकडे नटनट्यांची आत्मचरित्रं पुष्कळ झाली आणि त्यांतली काही फारच उत्तम आहेत. पण आठवणी न सांगता धंद्याचा विचार मांडणारं पुस्तक, तेही ऐन बहरात असलेल्या नटीनं, तेही १९४० मध्ये, ही गोष्ट मला असाधारण वाटते.

मग ती मोकळेपणानं काम करत राहिली. १९४१ मध्ये मद्रासेकडे जाऊन तामिळ ‘सावित्री’ केला, आणि त्यासाठी तामिळ शिकली. त्या चित्रपटात नारद कोण होतं माहीत आहे? एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘कल्की’ हे नियतकालिक उभं करायला पैसे हवे होते म्हणून त्यांनी पुरुषाची भूमिका घेतली. बालगंधर्व शारदा होत होते त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि इथं बाई नारद झाली होती. पुढे हिंदीत ‘जमीनदार’, ‘दुहाई’, ‘सुभद्रा’; मराठीत १९४९ चा ‘जागा भाड्याने देणे आहे’. कामं मिळत गेली, पण ‘कुंकू’सारखी भूमिका पुन्हा आली नाही. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली, गाणारी एक आणि दिसणारी दुसरी असं झालं, आणि स्वतःच्या गळ्यानं बोलणाऱ्या-गाणाऱ्या नटीची गरज कमी झाली. पन्नासच्या दशकात ती पौराणिक चित्रपटांत दिसते. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत अंधेरीला तिचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती.

आता आत्या.

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. पैनगंगा ओलांडली की तेव्हा निजामाचं राज्य. आमच्याकडे त्याला ‘मोगलाई’ म्हणत. शारदा कायद्याच्या भीतीनं काही लोक लग्नं पलीकडे नेऊन लावत. तिकडे इंग्रजाचा कायदा चालत नाही असा समज होता. आत्याचं लग्न १९३९ चं, आणि ते असंच मोगलाईत लागलं. ती तेरा वर्षांची. नवरा चाळिशीचा, बिजवर, पहिलीची तीन लेकरं. वर्ष लक्षात आलं का? पुण्यात शांता आपटे फाटकाशी बसली ते हेच वर्ष. सात-आठ वर्षांनी नवरा वारला आणि आत्या आमच्याकडे परत आली. मला तिनंच वाढवलं. माझ्या आठवणीत तिच्या कपाळावर कुंकू कधीच नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. जत्रेच्या दिवसांत गावाबाहेर तंबूचा सिनेमा लागला. जनरेटरची धडधड, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, मध्ये दोर. रीळ संपलं की दिवा लागायचा आणि चहावाला फिरायचा. जुनी, झिजलेली रिळं आणत. एका रात्री ‘कुंकू’ लागला. आत्या मला घेऊन गेली. पोरगा म्हणून मला बायांकडे बसू दिलं. मी आत्याकडे बघत होतो, कारण मला सिनेमा फार कळत नव्हता. ती रडली नाही. नीरेनं छडी उचलली तेव्हा ती मोठ्यानं हसली. आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या.

परत येताना अंधारात मी विचारलं, ‘आत्या, तू काहून नाही केलं असं?’ पोरवयात आपण काहीही विचारतो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिले खोली तरी होती, बापू. आमच्या तिथं एकच घर. मंधात साधी ताटी नाही. कोणाले नाही म्हनू आन् कुठं जाऊन म्हनू?’

एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही.

मी पुढे शिकलो, नागपूरला गेलो, कांटवर काम केलं, पीएच. डी. झालो. माणूस हा साध्य आहे, साधन नव्हे; त्याची इच्छा स्वायत्त आहे; हे मी उत्साहानं शिकवायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर आली. हुशार होती. म्हणाली, घरी लग्न ठरवतायत, मला शिकायचंय. मी तिला जे वर्गात सांगायचो तेच सांगितलं. तू स्वतंत्र व्यक्ती आहेस, तुझा नकार हा तुझा अधिकार आहे, ठामपणे सांग. तिनं ऐकून घेतलं, ‘हो सर’ म्हणाली आणि गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात आली नाही. मी तिच्या घरी गेलो नाही. वसतिगृहाची चौकशी केली नाही. फीचं काय करता येईल हे पाहिलं नाही. माझ्या दृष्टीनं मी माझं काम केलं होतं.

आत्या वारली त्या वर्षी, तेराव्याच्या दिवशी, ‘तिले खोली तरी होती’ हे वाक्य मला पुन्हा आठवलं आणि त्या मुलीचा बाक डोळ्यांसमोर आला. मी तिला अधिकार सांगितला होता. खोली दिली नव्हती.

तेव्हा प्रश्नाकडे परत. माणूस ‘नाही’ कधी म्हणू शकतो? मी आता असं म्हणतो : नकार इच्छेतून येतो हे खरं, पण तो टिकायला आधार लागतो. रखमाबाईंना आईचं घर होतं आणि लेखणी होती. शांता आपटेकडे कमाई होती, नाव होतं, बातमी छापणारी वर्तमानपत्रं होती. ती फाटकाबाहेर बसली तर गर्दी जमत होती. नीरेला निदान वेगळी राहण्याइतकं मोठं घर होतं. आत्याकडे यातलं काही नव्हतं. तिच्यात इच्छा नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. ती हसली होती ना त्या तंबूत! वीस-बावीस वर्षं सांभाळून ठेवलेला नकार होता तो. तो आम्हाला ऐकू आला नाही एवढंच.

तुम्ही म्हणाल, सर, हा इतिहास झाला. तर एक आकडा सांगतो आणि थांबतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २२ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे पाचातली एक. कायदा आहे, २००६ चा, चांगला कायदा आहे. पण गावाहून कॉलेजला येणारी शेवटची एसटी बंद झाली की एखादीचं शिक्षण थांबतं, आणि शिक्षण थांबलं की स्थळं येतात. ऊसतोडीला जाताना मुलगी कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न सुटत नाही म्हणून तिचं लग्न होतं. तिला नकाराचा अधिकार समजावून सांगणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. एसटी, वसतिगृहातली खाट, परीक्षेची फी, रात्री दार उघडणारी एखादी मावशी, या माझ्या मते नीतिशास्त्राच्याच गोष्टी आहेत. कांटच्या पुस्तकात त्या नाहीत. आपण त्या समासात लिहून घ्यायच्या.

‘कुंकू’ आजही पाहायला मिळतो. घरी सगळ्यांनी मिळून बघा, मुलींबरोबर आणि मुलग्यांबरोबरही. पार्श्वसंगीत नाही, तेव्हा मध्ये बोललं तरी चालेल. नीरा छडी उचलते तिथं कोण हसतं, तेवढं मात्र बघून ठेवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.